आपल्यामागं लेकराचं कोण?
– ऊस विकास अधिकारी



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. ओसरीवर चाळिशीचा दिव्यांग मुलगा किंवा मुलगी, आणि त्याला न्हाऊ-खाऊ घालणारी आई सत्तरीची. पासलीसारख्या डोंगरातल्या गावातली तरणी पोरं पुण्या-मुंबईला. 'पुढं काय?' म्हटलं की उत्तर ठरलेलं : "आम्ही हाय तवर बघू, पुढं देव हाय." आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, तर त्याचं बियाणं-पाणी आपण लागणीआधी ठरवतो. लेकराचं तर उभं आयुष्य आहे. तेव्हा हातपाय चालताहेत तोवर पुढील कामं उरकावीत.

१) दाखला : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) आधी काढावं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतं. औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये तपासणी होते. संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. घरातलं कोणी सरकारी नोकरीतून निवृत्त असेल, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईबापामागं कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव हयातीतच कळवावं.

२) कायदेशीर पालक : अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं मूल सज्ञान होतं, आईबापाची सही आपोआप चालत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व (पूर्वी मतिमंद म्हणत), स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखालील स्थानिक स्तर समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते व ती पालक नेमते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढं दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. म्हणजे 'पालक झाला म्हणून मालक झाला' असं होत नाही. अंध किंवा पायानं अधू माणसाला मात्र असा पालक लागत नाही. त्याचे व्यवहार त्यानंच करावेत, आपण फक्त मदत करावी.

३) जमीन : "त्याला काय कळतंय, त्याचं नाव कशाला?" असं म्हणून सातबारावर नाव लावायचं टाळतात. हे चूक आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आजार किंवा व्यंगामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. ज्याला व्यवहार समजत नाही, त्याच्या अंगठ्यानं केलेलं हक्कसोडपत्रही कायद्यापुढं टिकत नाही. शक्यतो दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावं. त्याच्या वाट्याचं उत्पन्न कोणी, कशावर खर्च करायचं ते त्यात स्पष्ट लिहावं.

४) शेअर : कारखान्याच्या शेअरचं नामनिर्देशन शेअर्स विभागात तपासून घ्यावं. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ज्याचं नाव लावाल, त्याला ते कशासाठी लावलं हे चारचौघांत सांगून ठेवावं.

५) माणूस : कागद झाले तरी घास भरवायला माणूसच लागतो. भाऊ-भावजय, बहीण-मेहुणे यांना एकत्र बसवून कोण ठेवून घेणार, खर्च कोणाचा, हे बोलून घ्यावं. भावजयीला न विचारता तिच्यावर भार टाकू नये. एक वही करावी : औषध कोणतं, किती वाजता, काय खातो, कशाला भितो, रागावला तर कशानं शांत होतो. आई ज्या गोष्टी न बोलता जाणते, त्या तिच्याबरोबर जाऊ नयेत. वर्षातून दोन-चार वेळा आठ-आठ दिवस त्याला त्या घरी राहू द्यावं. आई गेल्याच्या दुःखात नवं घर एकदम अंगावर येऊ नये. शेळी बांधणं, शेंगा निवडणं, जे जमेल ते काम शिकवावं.

घरात कोणीच नसेल तर? बदलापूरची 'आधार' संस्था अशाच प्रौढ मतिमंद मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन उभी केली. माधवराव गोरे यांनी त्यात पुढाकार घेतला. मुलांना तिथं कायम राहता येतं. पुढं नाशिकलाही तिचं केंद्र झालं. एकेकट्या पालकाला जे जमत नव्हतं, ते अनेकांनी मिळून केलं. सहकार याहून वेगळा काय असतो? आपल्या गटातही अशी पाच-दहा घरं निघतील. त्यांनी एकमेकांची गाठ घ्यावी, दाखल्यासाठी एकच गाडी करून पुण्याला जावं. सुरुवात एवढ्यानंही होते.

हंगाम संपला की निवांतपणा असतो. पाऊस लागण्याआधी प्रत्येक घरानं निदान पहिलं काम तरी पुरं करावं, ही विनंती.