घास सशाएवढा

अंकलिपीत ‘स’ सशाचा असतो आणि त्या सशाच्या पुढ्यात बहुधा एक गाजर असतं. त्यामुळे ससा हा गोडखाऊ प्राणी, अशी आपली लहानपणापासूनची समजूत. मीही ती समजूत उराशी धरूनच पन्नाशी ओलांडली. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती मोडली.

सुटीत नात आली ती आपला ससा घेऊनच. वजन जेमतेम किलोभर. दुपारी केळं सोलताना तिनं विचारलं, “नाना, याला देऊ?” मी म्हटलं, “दे की, फळच तर आहे!” चार दिवस तो रोज अर्धं केळं फस्त करीत होता आणि आम्ही कौतुकानं पाहत होतो. पाचव्या दिवशी तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. गवताला तोंड लावेना. लेंड्याही बंद. पोर रडकुंडीला आली.

पशुवैद्यांनी आधी विचारलं, “वजन किती?” मग, “फळ किती?” आणि हिशेब मांडला. अर्ध्या केळ्यात साधारण 50 ग्रॅम गर. हजार ग्रॅमच्या जिवाला हा विसावा हिस्सा. त्याच प्रमाणात 60 किलोच्या माणसानं खायचं तर 3 किलो, म्हणजे सोललेली तीसेक केळी. तीही रोज! मी मान खाली घातली.

सशाचं पोट गवतासाठी घडलेलं आहे. त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भली मोठी पिशवी असते. तिथले सूक्ष्म जीव गवतातला चोथा आंबवून त्याचं पोषण करतात. साखर जास्त झाली की तिथलं संतुलन बिघडतं, वायू धरतो, आतड्याची हालचाल मंदावते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परतीच्या वाटेनं बाहेर पडत नाही. म्हणून ससा दहा-बारा तास खात नसेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. लगेच डॉक्टर गाठावा.

आता आकाराविषयी. सगळे ससे सारखे नसतात. नेदरलँड ड्वार्फ हा गोल तोंडाचा, आखूड कानांचा ससा किलोभराचाच राहतो. न्यूझीलंड व्हाइट हा लाल डोळ्यांचा पांढरा ससा चार-पाच किलो भरतो. नाव न्यूझीलंडचं असलं तरी ही जात अमेरिकेत तयार झाली. फ्लेमिश जायंट तर सहा किलोंच्याही वर जातो. पण महिन्याभराची पिल्लं सगळीच मुठीएवढी दिसतात. विकणारा ‘हा छोटाच राहील’ म्हणतो आणि वर्षभरात पिंजरा अपुरा पडतो. शिवाय आपल्याकडचे पुष्कळ ससे मिश्र जातीचे असतात. तेव्हा जातीच्या नावावर विसंबू नका, वजन करा. टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते सहज होतं.

मग फळ द्यावं तरी किती? किलोभराच्या सशाला चहाचा एक चमचा, म्हणजे करंगळीच्या पेराएवढा तुकडा, तोही आठवड्यातून एक-दोनदा. चार किलोंच्या सशाला दोन-तीन चमचे. सफरचंद बिया काढून द्यावं. पपई, स्ट्रॉबेरी चालते. केळं आणि द्राक्ष फार गोड, त्यामुळे अगदी नाममात्र. सुकामेवा नको. अव्होकाडो तर मुळीच नको, ते विषारी ठरतं. गाजरही गोडच, त्यालाही हाच नियम. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला फळच नको. नवं फळ एका वेळी एकच द्यावं आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहाव्यात. त्या मऊ पडल्या तर ते फळ बंद.

बाकी पोट भरायचं ते वाळलेल्या गवतानं. ते दिवसरात्र समोर हवं, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. जोडीला थोडी पालेभाजी आणि स्वच्छ पाणी.

आमचा ससा वाचला. दोन दिवस औषध आणि पिचकारीनं भरवलेला पातळ आहार, तिसऱ्या दिवशी पहाटे चार लेंड्या दिसल्या. त्या पाहून इतका आनंद होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. सुटी संपली, नात गेली, ससाही गेला. परवा फोनवर ती म्हणाली, “नाना, तो आता सव्वा किलोचा झालाय. पण चमचा मी तोच ठेवलाय.”