विज्ञान प्रकल्पातील लेसर आणि मुलांचे डोळे: पालकांनी काय पाहावे?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाच्या फडातून बिबट्या वस्तीवर येण्याची भीती नवी नाही. त्यामुळे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'लेसर कुंपण' हा प्रकल्प मुलांना जवळचा वाटतो. एका बाजूला छोटा लेसर, समोर प्रकाश ओळखणारा एलडीआर. मधून कोणी गेले की किरण अडतो आणि भोंगा वाजतो. कल्पना चांगली आहे, मुलाला जरूर करू द्या. फक्त काही गोष्टी आधी तपासा.

डोळ्याला इजा कशी होते?

बल्बचा प्रकाश सगळीकडे पसरतो, लेसरचा किरण मात्र एकवटलेला राहतो. डोळ्यातील भिंग तो आणखी बारीक करून डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका ठिपक्यावर आणते. तिथल्या पेशी भाजू शकतात. पडद्याला वेदना जाणवत नाही, म्हणून मूल रडत नाही आणि इजा लक्षात येत नाही. वाचण्यासाठी व चेहरे ओळखण्यासाठी लागणाऱ्या मध्यभागाला इजा झाली, तर नजर कायमची कमी होऊ शकते.

मिरवणुकांतील लेसर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली होती. प्रकल्पातील लेसर त्याहून खूप लहान असतो, पण तो मुलाच्या हातात, डोळ्यांच्या जवळ असतो.

कोणता लेसर घ्यावा?

- 'क्लास २', म्हणजे १ मिलीवॅटपर्यंतचा लाल लेसर घ्या. चुकून डोळ्यात गेला तर पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते आणि बहुधा बचाव होतो. मुद्दाम टक लावून पाहिल्यास हा बचाव उरत नाही.
- बाजारातील अनेक छोटी मॉड्यूल ५ मिलीवॅटची असतात. ती उघड्यावर वापरू नका.
- लेबल नसलेला किंवा जत्रेतला स्वस्त हिरवा लेसर टाळा. काही हिरव्या लेसरमधून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात.
- साधा गॉगल लेसरपासून संरक्षण देत नाही.

मांडणी कशी असावी?

मोठ्यांच्या कमरेइतके टेबल हे पहिली-दुसरीच्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. प्रदर्शनात हीच मुले वाकून बघतात. म्हणून किरण उघडा सोडू नका. लेसर आणि एलडीआर पक्के बसवा, किरण पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातून न्या आणि अडथळा दाखवायला वरून एक फट ठेवा. किरणाच्या शेवटी काळा, न चमकणारा पुठ्ठा लावा. आरसा, स्टीलचे भांडे, घड्याळाची काच जवळ नको, कारण परावर्तित किरणही इजा करतो. प्रात्यक्षिकापुरतेच बटण चालू करा आणि शेजारी शिक्षक किंवा मोठे माणूस असू द्या.

शेतात खरोखर बसवायचे असेल, तर हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर वापरा. त्यात लेसर लागतच नाही.

किरण डोळ्यात गेला तर?

लेसर लगेच बंद करा. डोळा चोळू नका. गुलाबपाणी, मध किंवा घरातले जुने थेंब घालू नका. एकेक डोळा झाकून मुलाला वहीच्या रेघा दाखवा. मधोमध काळा डाग दिसणे, रेघा वाकड्या दिसणे, अक्षरे अंधुक होणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. शिरूर किंवा दौंडमध्ये सोय झाली नाही, तर पुण्याला ससून रुग्णालयात जाता येते. डॉक्टर बाहुली मोठी करून पडदा तपासतात, गरज वाटल्यास ओसीटी स्कॅन करतात. जाताना तो लेसर सोबत न्या. लेबलवरून त्याची ताकद कळते.

भाजलेला पडदा पूर्ववत करणारे खात्रीचे औषध नाही. काहींची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, काहींची नाही. मूल रागावण्याच्या भीतीने असे प्रसंग लपवते. म्हणून प्रकल्प सुरू करतानाच त्याला सांगा, "डोळ्यात गेला तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही."