गंजिफाच्या पानांवरून पाटाकडे

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडावर रंग चढवण्याच्या दोन पद्धती पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदत आल्या. एकीत कुंचला लागतो, दुसरीत नुसती आच.

भोवरा, भातुकलीतली बोळकी, लाटणं अशा गोल घडणीच्या वस्तूंना कुंचला लागत नाही. पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडाचा वाळवलेला तुकडा लेथवर चढवून कातायचा आणि तो फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरायची. लाख साधारण 75 ते 80 अंश सेल्सिअसला वितळते आणि तेवढी उष्णता घर्षणातूनच मिळते. वितळलेली लाख लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान दाबून फिरवलं की थर सारखा होतो आणि चकाकी येते. निखारा नाही, तापलेली सळई नाही, रंग वाळायची वाटही पाहायची नाही.

लाकूड आणि उष्णता यांचं नातं इतरत्र वेगळं दिसतं. युरोपात एकोणिसाव्या शतकात पेट्या-तबकांवर तापलेल्या टोकाने डाग देऊन चित्रं काढण्याची घरोघरी हौस होती. तिथे आच लाकूड जाळून तपकिरी रेघ उमटवते. गुजरातेत संखेड्याचे खरादी पाळण्यांवर आणि हिंडोळ्यांवर कथलाच्या रंगाने नक्षी काढतात, वर लाख चढवतात आणि रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. सावंतवाडीत मात्र या कामाला कुंचल्याची जोड मिळाली आणि ती मिळाली एका खेळामुळे.

तो खेळ म्हणजे गंजिफा. दशावतारी गंजिफाची पानं 120, सगळी गोल. अवतार दहा, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. दिवसा डाव रामाच्या पानाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. पान तयार करायला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप, त्यावर हाताने चित्र आणि वरून लाख. दश्शीवर दहा खुणा एका छोट्या वर्तुळात नीट बसवायच्या म्हणजे हात किती तयार हवा, याची कल्पना येते. चिताऱ्यांचा हात घडला तो इथे.

छापील बावन पत्ते आले, स्वस्त मिळू लागले आणि गंजिफा घरांतून गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पानं काढणारे पुंडलिक चितारी नावाचे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून ही कला शिकले. 1971 मध्ये त्यांनी सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था सुरू केली आणि मोती तलावाकाठच्या राजवाड्यातल्या दरबार सभागृहात चित्रकारांची बैठक मांडली. राजवाड्याच्या दरबारात कारागीर मांडी घालून मासे-कासवं रंगवत बसतात, ही या गावाची फार मोठी श्रीमंती आहे.

संस्थेने केलेली सर्वात शहाणपणाची गोष्ट म्हणजे फक्त पानांवर न थांबणं. गंजिफा खेळणारे उरले नव्हते, आणि नुसत्या संग्राहकांच्या मागणीवर किती चित्रकारांची चूल पेटणार? तेव्हा तेच दशावतार, त्याच फुला-वेलींच्या किनारी चौरंगावर, पेटीवर, तबकावर, खुर्चीच्या पाठीवर आल्या. गोल पानासाठी घडलेली रचना तबकाच्या मध्यभागी आणि डब्याच्या झाकणावर विनासायास बसली. पाटाच्या लांबट चौकटीत मात्र जागेची मांडणी नव्याने करावी लागते आणि तिथे चित्रकाराची कसोटी लागते.

काही जाणकारांना हे शोभेच्या वस्तूंचं काम कमी दर्जाचं वाटतं. तो न्याय बरा नव्हे. खेळ संपल्यावरही चित्र जिवंत राहिलं ते घरातल्या लाकडाने त्याला आसरा दिला म्हणून. वर्षभर डबे आणि तबकं रंगवणारा हातच, मागणी आली की 120 पानांचा पूर्ण संच काढू शकतो. नुसत्या संचांची वाट पाहत बसला असता, तर तो हात केव्हाच दुसऱ्या कामाला लागला असता.

बाजारातल्या खेळण्यांना हा आसरा मिळालेला नाही. लेथवर लाख चढवायला कसब लागतं आणि वेळही जातो. तयार तैलरंग ब्रशने फासला की काम उरकतं, आणि अशा भोवऱ्यांना गिऱ्हाईकही मिळतं. चितार आळीत खरेदी करताना लाखेचं काम मागून घ्यावं आणि त्याची जादा किंमत घासाघीस न करता द्यावी.