वालधुनीची वाट

अंबरनाथ पूर्वेचे शिवमंदिर इ. स. १०६० चे. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने वालधुनीकाठी पाहिले. पण आता पावसाची तऱ्हाच बदलली आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मग पाऊस कोसळतो तो धो धो! २६ जुलै २००५ चा प्रलय कोण विसरेल? २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली.

हवा तापवण्यात साऱ्या जगाचा हात आहे. वालधुनीत सांडपाणी, कचरा आणि भराव मात्र आपणच टाकला. उद्याच्या पावसाचे पाणी तिलाच वाहून न्यायचे आहे. तिची वाट मोकळी करणे तरी आपल्या हाती आहे ना?