कान आणि आपण – भाग ११ : शिट्टी वाजवणारं मशीन

या आठवड्यात कॉक्लिअर इम्प्लांटवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या भागावर ढकलतो आहे. केज तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्याच आशयाचे फोन आष्टी-पाटोद्याकडूनही बऱ्याच दिवसांपासून येत आहेत. आता या विषयाला आधी हात घालायलाच हवा.

पत्रातली हकीकत अशी. आईला कमी ऐकू येतं. पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने दिवाळीत ऑनलाइन कानाचं मशीन मागवून दिलं. चांगल्या कंपनीचं, कानामागे बसणारं, डिजिटल. संक्रांतीपर्यंत आईने ते हौसेने घातलं. मग ते शिट्टी वाजवायला लागलं आणि आता डब्यात पडून आहे. बीडला दोन दुकानांत नेलं, तर दोन्हीकडे एकच उत्तर : ‘आमच्याकडून घेतलेलं नाही, आम्ही हात लावणार नाही.’ शेवटी त्यांनी विचारलंय, ‘मशीन खराब निघालं असं समजून नाद सोडावा का?’

नाद सोडू नका. शिट्टी वाजते याचा अर्थ मशीनमध्ये जीव आहे. मशीनने मोठा केलेला आवाज कानाच्या नळीत जायला हवा. तो फटीतून बाहेर येतो, मशीनच्या माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर येतो. हे चक्र चालू राहिलं की शिट्टी वाजते. सप्ताहाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जो किंचाळतो, त्याच्यामागे हेच कारण असतं. तेव्हा आपल्याला शोधायची आहे ती गळती, आणि ती कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येतं.

मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी आली म्हणजे माइकपासून रिसिव्हरपर्यंत सगळं चालतंय. नव्या मशीनमध्ये शिट्टी दाबणारं सॉफ्टवेअर असतं, त्यामुळे ती क्षणभरच वाजून थांबेल, तेवढीही पुरे. आता कानात जाणाऱ्या टोकाचं भोक अंगठ्याने गच्च दाबा. हवेसाठी बारीक दुसरं भोक असेल तर तेही दाबा. शिट्टी बंद झाली, तर मशीन आणि नळी दोन्ही ठीक आहेत. गळती कानाशी आहे. बंद झाली नाही, तर नळी हुकापासून हलकेच काढा आणि हुकाचं तोंड बोटाने दाबा. आता थांबली, तर दोष नळीचा किंवा साच्याचा. तरीही वाजत राहिली, तर बिघाड हुकात किंवा मशीनच्या आत आहे. तेवढ्या एका प्रकारासाठीच मशीन कंपनीकडे पाठवावं लागतं. बाकीच्या दोन्हींचा इलाज आपल्या जिल्ह्यात होऊ शकतो.

नळीचा इलाज सगळ्यात सोपा. साच्यातून येणारी जाड पारदर्शक नळी काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते, आकसते, मग साचा कानातून ओढला जातो. ती वेळच्या वेळी बदलायचीच असते. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर मशीन वेगळं करून छोट्या रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकायचं नाही, त्याने आणखी ओल जाते. ज्या मशीनचा रिसिव्हर कानात बसतो, त्याच्या टोकाला मळ अडवणारी बारीक जाळी असते. ती बदलायची काडी डब्यात येते. काडीच्या एका टोकाने जुनी जाळी ओढून काढायची, दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवायची. ‘मशीन बंद पडलं’ म्हणून आलेली कितीतरी मशीनं एवढ्या कामाने पुन्हा बोलकी होतात.

राहिला साचा. यावर मी पुष्कळ दिवसांपासून लिहीन म्हणत होतो. ऑनलाइन मशीनच्या डब्यात लहान, मध्यम, मोठे असे रबरी डोम येतात. सौम्य बहिरेपणाला ते चालतात. पण आपल्याकडे माणूस मशीनपर्यंत पोचतो तोवर बहिरेपण बरंच वाढलेलं असतं. मग आवाज जास्त सोडावा लागतो, आणि जितका आवाज जास्त तितकी फट महागात पडते. अशा कानाला त्याच कानाच्या मापाचा साचा लागतो. दोन माणसांचे कान सारखे नसतात. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात.

माप घेताना आधी कानात बॅटरी टाकून बघतात. मळ असेल तर तो काढल्याशिवाय पुढे जायचंच नाही, कारण मळावर आपटून परत येणारा आवाजही शिट्टी वाजवतो. कान वाहत असेल तर आधी त्यावर उपचार. मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा कानाच्या नळीतल्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवतात, म्हणजे पडद्याला धक्का लागत नाही. त्यानंतर मऊ सिलिकॉन पिचकारीने भरतात. जाणता ऑडिओलॉजिस्ट या वेळी तोंड उघडायला, जबडा हलवायला सांगतो, कारण जेवताना-बोलताना कानाच्या नळीचा आकार बदलतो. काही मिनिटांत सिलिकॉन घट्ट झालं की ते दोऱ्यासकट बाहेर येतं आणि त्यावरून साचा बनतो, ॲक्रिलिकचा कडक किंवा सिलिकॉनचा मऊ. मशीनच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे. मुलांचे साचे कान वाढतो तसे पुन्हा पुन्हा करावे लागतात. म्हाताऱ्या माणसांचंही वजन उतरलं की साचा ढिला होतो. केजच्या आईंच्या बाबतीत माझा पहिला संशय मळावर आणि दुसरा डोमवर आहे.

मग दुकानदारांनी हात का लावला नाही? त्यांची बाजू नीट समजून घेऊ. दुकानात मशीन घेताना जी रक्कम देतो, तिच्यात पुढच्या काही वर्षांची सेवा धरलेली असते : तपासणी, सेटिंग, साफसफाई, पुन्हा सेटिंग. ऑनलाइन मशीन स्वस्त पडतं, त्याचं एक कारण हेच की त्यात ही सेवा नसते. ती सेवा नंतर हवी असेल तर तिचे पैसे वेगळे द्यायची तयारी हवी. फोनवर पहिलंच वाक्य असं असू द्या : ‘मशीन बाहेरचं आहे, तुमची तपासणीची आणि सेटिंगची फी मी देणार आहे.’ मला वाटतं, निम्म्या ठिकाणी तरी उत्तर बदलेल. दुकानदारांनाही माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरच्या मशीनसाठी दर ठरवून ते भिंतीवर लावा. गावाकडून एसटीने आलेल्या म्हातारीला दारातून परत पाठवू नका.

दुसरी अडचण खरोखर तांत्रिक आहे. डिजिटल मशीनचं सेटिंग संगणकावरून होतं आणि प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं. फोनॅकचं टार्गेट, ओटिकॉनचं जिनी, सिग्नियाचं कनेक्स. ती सगळी चालवायला डेन्मार्कच्या हिमसा या संस्थेची नोआ ही प्रणाली जगभर वापरतात, पण ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि जोडणी दुकानात नाही, तिचं मशीन तिथे उघडतच नाही. म्हणून बीडला जाण्याआधी कंपनी, मॉडेल आणि मशीनवरचा सिरियल नंबर फोनवर सांगा आणि ‘तुमच्याकडे हे उघडेल का?’ एवढंच विचारा. परदेशातल्या नातेवाइकांनी तिथल्या साखळी दुकानातून आणलेली काही मशीनं त्या दुकानाच्याच सॉफ्टवेअरला बांधलेली असतात. ती इथे कुणालाच उघडता येत नाहीत. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागलेली मशीनं तर सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांपुरतीच आहेत.

तिसरा प्रकार सांगताना वाईट वाटतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांच्या खात्यात साहित्यासाठी ३००० रुपये येतात, आणि त्या साहित्यात श्रवणयंत्रही आहे. मदत मोलाची आहे. पण त्या पैशांत ऑनलाइन जे सहज दिसतं, ते बहुतेकदा नुसता आवाज वाढवणारं यंत्र असतं. गेल्या भागातला आलेख हाताशी असेल तर पाहा : उतारवयातलं बहिरेपण बहुधा उंच पट्टीच्या आवाजांचं असतं. हे यंत्र मात्र ताटल्यांचा खणखणाट आणि नातवाचं बोलणं सरसकट वाढवतं. त्यात सेटिंग करण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे ते कुणी ‘दुरुस्त’ करू शकत नाही. ३००० रुपयेच हाताशी असतील तर ते तपासणी आणि साच्यावर खर्चा आणि मशीनसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत नाव द्या. तिच्यात कानपूरच्या ‘अलिम्को’मार्फत शिबिरांतून श्रवणयंत्रं मिळतात.

आता जायचं कुठे? सुरुवात सरकारी दवाखान्यापासून करा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग परळी, केज, धारूर, माजलगावकरांना जवळ पडतो. गेवराई, शिरूर, पाटोद्याच्या लोकांना बीडचं जिल्हा रुग्णालय. जाण्याआधी श्रवणचाचणीचा वार विचारून घ्या. चाचणीचा आलेख मागून घ्या आणि त्याच्या दोन प्रती काढून ठेवा, कारण त्याशिवाय सेटिंग म्हणजे अंदाजपंचे. खासगीत गेलात तर समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे सीआरआर नंबरवरून विचारा. १९९२ च्या कायद्याने ती नोंदणी आवश्यक आहे. असं विचारण्यात कुणाचा अपमान नाही. मुंबईला येणं-जाणं असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामात आहे.

मशीनच्या आतच बिघाड निघाला आणि विक्रेता वॉरंटी असूनही टाळाटाळ करू लागला, तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तेवढ्याने भागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी खटला बीडला चालू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या मशीनसाठी फीही नाही. बिल आणि मशीनचा डबा मात्र जपून ठेवा.

उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून सेलबद्दलही सांगतो. हे सेल हवेवर चालतात. मागचा स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. तो पाच मिनिटं तसाच ठेवून मग मशीनमध्ये घाला. स्टिकर पुन्हा चिकटवून तो वाचत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, तेव्हा जास्तीचे सेल मागवून साठा करू नका आणि फ्रिजमध्येही ठेवू नका. स्टिकरचा रंगच माप सांगतो : पिवळा १० नंबर, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. गावातून कुणी बीडला निघालं की रंग सांगून सेल आणवता येतात.

केजच्या वाचकांना आता क्रम सांगतो. मुठीतली परीक्षा आजच करा. अंबाजोगाईला आईचा कान साफ करून चाचणी करून घ्या. साच्याचं माप द्या. सिरियल नंबर सांगून ज्याच्याकडे मशीन उघडेल असा ऑडिओलॉजिस्ट शोधा आणि त्याची फी आनंदाने द्या. भावाला एवढंच कळवा की मशीन चांगलं आहे, दुसरं मागवू नको. त्याऐवजी सेटिंगच्या दिवशी रजा काढून आईसोबत ये. सेटिंग करताना घरच्या माणसाचा आवाज समोर लागतो. आईला ज्याचं बोलणं ऐकायचंय, त्याच्याच आवाजावर मशीन जुळवलेलं बरं.

कॉक्लिअर इम्प्लांट पुढच्या आठवड्यात नक्की.