किसान क्रेडिट कार्ड आणि फोनवरील ठकबाजी

मृगाचा पाऊस पडून सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू झाली म्हणजे मुरुड व आसपासच्या गावांतील शेतकरी बियाणे व खते यांच्यासाठी किसान क्रेडिट कार्डावरील रक्कम उचलू लागतात. अशाच दिवसांत फोन वाजतो व पलीकडून कोणी गोड शब्दांत सांगतो की, मी बँकेच्या मुख्य कचेरीतून बोलत आहे, आपले कार्ड आज सायंकाळी बंद होणार आहे. या फोनासंबंधी आमच्या वाचकांस चार गोष्टी सांगणे अवश्य वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, हे कार्ड साध्या बचत खात्याच्या कार्डासारखे नव्हे. १९९८ साली ही योजना निघाली व पुढे तीस एटीएमवर चालणाऱ्या कार्डाची जोड मिळाली. पिकाचे क्षेत्र व त्याचा ठरीव दर यांवरून कर्जाची मर्यादा काढतात आणि तीत सुगीनंतरच्या व घरखर्चासाठी शेकडा १० व अवजारे इत्यादींच्या देखभालीसाठी शेकडा २० मिळवितात. म्हणजे खात्यात असते ती आपली ठेव नव्हे, तर कर्ज घेण्याची मुभा. बचत खात्यातून चोरी झाली तर साठवलेले गेले. येथे मात्र चोराने उचललेली रक्कम शेतकऱ्याच्याच नावे कर्ज म्हणून लिहिली जाते व तिच्यावर व्याज चढते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जास मुदतीत फेड केल्यास मिळणारी शेकडा ३ ची सवलत, जीमुळे सातांचा दर चारांवर येतो, तीही थकबाकी पडताच हातची जाते. दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही हे खरे (ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढली), परंतु त्यापुढील कर्जास जमीन गहाण असते. तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यात काय पणास लागते, याचा विचार वाचकांनीच करावा.

ठकबाजीची ही तऱ्हा दिसावयास नवी, परंतु मूळ जुने आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या रोख्यांत काय लिहिले आहे हे पुष्कळदा अंगठा उठविणाऱ्यास ठाऊकच नसे. म्हणून १८७९ च्या कायद्याने असे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तजवीज केली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याचा लाभ इकडे पोहोचला नाही, ही गोष्ट वेगळी. आज अंगठ्याची जागा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली आहे. तो आकडा सांगणे म्हणजे न वाचलेल्या रोख्यावर अंगठा उठविणे होय. आणि या खेपेस समोर बसलेला कोणी नोंदणी अधिकारी नसतो.

ठकाची रीत अशी. त्याजजवळ आपले नाव, कधी कधी कार्डाचे शेवटचे चार आकडेही असतात. ही माहिती ठिकठिकाणांहून फुटलेली असते, सबब ती सांगितल्याने तो बँकेचा माणूस ठरत नाही. नंतर कार्ड बंद पडण्याची भीती, मर्यादा वाढवून देण्याचे आमिष किंवा पीक विम्याची रक्कम अडकल्याची थाप, यांपैकी एकादे शस्त्र तो उगारतो. कार्डाचा पूर्ण क्रमांक, मुदतीची तारीख व पाठीमागचे तीन आकडे बोलता बोलता काढून घेतो. एवढ्याने या देशात ऑनलाइन खरेदी सहसा पुरी होत नाही. त्यास उणीव राहते ती ओटीपीची. तो ज्या मेसेजात येतो, त्यातच बहुधा रक्कम व ती कोणास जाणार हेही लिहिलेले असते. सबंध मेसेज वाचला तर डाव तेथेच उघडा पडतो. वाचावयास सवड मिळू नये म्हणूनच तो माणूस इतकी घाई करीत असतो.

याहून वाईट प्रकार व्हॉट्सॲपवरील फाइलींचा. पीएम किसानच्या नावाने एपीके म्हणून एक फाइल येते. हप्ता हवा असल्यास ती उघडा, असा मजकूर असतो. ती उघडून मागेल ती परवानगी दिली, की आपल्या फोनात येणारे मेसेज परस्पर ठकाकडे जाऊ लागतात. मग ओटीपी विचारण्याचीही त्यास गरज राहत नाही. सरकारचे कोणतेही ॲप अशा फाइलीतून घेऊ नये. चुकून उघडलीच तर फोनाचे इंटरनेट तत्काळ बंद करावे व दुसऱ्या फोनावरून बँकेस कळवावे.

आता उपाय. बँकेचे नाव सांगणारा फोन आला तर वाद न घालता तो ठेवून द्यावा आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा, किंवा शाखेत जाऊन विचारावे. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे ठकांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. बँकांनी सेवेसंबंधीचे फोन १६०० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये ठरविले. परंतु तशा क्रमांकावरूनही ओटीपी किंवा पिन विचारला गेला, तर तो सांगू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, हे घरातील मंडळींसही सांगून ठेवावे.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. २०२० पासून कार्डाचा ऑनलाइन व परदेशी वापर बंद-चालू करण्याची आणि रकमेची मर्यादा घालण्याची व्यवस्था बँकांनी ठेवावयाची आहे. ज्यास कार्डाने केवळ एटीएमवर रक्कम काढावयाची, त्याने ऑनलाइन वापर बंदच ठेवावा. कुलूप बसविले असून दार उघडे टाकण्यात काय हशील?

इतके करूनही पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा (हा सन नव्हे, सायबर ठकबाजीच्या तक्रारीचा सरकारी फोन आहे). रक्कम किती, केव्हा व कोणत्या खात्यातून गेली आणि मेसेजातील व्यवहार क्रमांक कोणता, हे हाताशी ठेवावे. ही खबर ज्या बँकेत पैसा गेला तिच्याकडे पोहोचते, व रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखली जाते. परंतु ठक ती काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवितो. म्हणून सकाळी गेलेल्या पैशासाठी दुपारपर्यंत भावकीशी मसलत करीत बसणे परवडत नाही. अशी खाती पुष्कळदा भाड्याने घेतलेली असतात. लातूरास शिकावयास ठेवलेल्या मुलांस बजावावे की, हजार दोन हजारांच्या लोभाने आपले खाते कोणास वापरू दिल्यास पोलीस प्रथम त्यांच्याच दारी येतील.

बँकेसही त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत, खातेदाराची वा बँकेची चूक नसता व्यवहार झाला आणि तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर तोटा खातेदाराकडे नाही असे ठरले. स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचा, कळविल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक झालेल्यासही लवकर कळविण्यात लाभच आहे. परंतु चार लोक हसतील या लाजेने पुष्कळजण गप्प बसतात, आणि तेवढ्या अवधीत उरलेली मर्यादाही रिकामी होते. कळविल्याची पोच व तक्रारीचा क्रमांक पासबुकातच लिहून ठेवावा; पुढे पोलिसांकडे व बँकेकडे तोच दाखवावा लागतो.