पोत्यावरची हलणारी धूळ

श्रावणात पशुखाद्याचं अर्धवट वापरलेलं पोतं उचललं की शिवणीच्या कडेला कधीकधी पिठूळ, तपकिरी धूळ बसलेली दिसते. झटकली तर जाते, पण काही दिवसांनी पुन्हा जमते. त्यातली चिमूटभर धूळ काळ्या कागदावर घ्या, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात भिंगाखाली धरा आणि मिनिटभर थांबा. धूळ हलायला लागली, तर तो साठवणुकीतला माइट समजावा. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, दुधट अंग, तांबूस पाय. हे जीव एकमेकांवरून चालत असतात आणि मधल्या जागेत त्यांच्या काती, विष्ठा, मेलेली शरीरं असतात. पिठूळ दिसतो तो या सगळ्याचा मिळून थर. गर्दी फार झाली की पोत्याला पुदिन्यासारखा उग्र-गोड वास येतो.

हा आठ पायांचा जीव कोळी आणि गोचिडांच्या गोतावळ्यातला. त्याच्या सर्वांत परिचित जातीला, अ‍ॅकॅरस सिरोला, लिनीयसने १७५८ मध्ये नाव दिलं. सोंडा दाण्याला भोक पाडतो म्हणून तो लगेच ओळखू येतो. माइट मात्र दाण्याच्या अंकुराकडच्या मऊ भागावर ताव मारतो. वरून दाणा धड दिसतो, पण पेरला तर उगवण कमी. अशा वेळी बियाण्याला नावं ठेवली जातात, साठवणीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हा जीव पाणी पीत नाही, आणि त्याचं सगळं बळ व सगळी दुर्बळताही पाण्यातच आहे. हवेतली वाफ शोषून तो अंगातला ओलावा टिकवतो. त्याच्या जातभाईंत, म्हणजे घरातल्या धुळीतल्या माइटमध्ये, हे कसं घडतं याचा चांगला अभ्यास झाला आहे. पुढच्या पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून खारट द्रव पाझरतो, तो हवेतली वाफ ओढतो आणि पाणी तोंडापर्यंत पोहोचतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, की ही सोय बंद पडते आणि माइट सुकून मरतो. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा दमट, उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत आटोपतो आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. माइट बुरशीही खातात आणि तिचे बीजाणू अंगावरून पोतंभर पसरवतात. त्यांच्या श्वासोच्छ्वासातून निघणारा ओलावा पुन्हा बुरशीलाच पोसतो.

माणसाला त्याचा त्रास कसा होतो, हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर स्पष्ट दिसलं. तिथला हिवाळा लांब आणि ओला. गुरं गोठ्यात बांधलेली आणि रोज कोठारातलं गवत सोडून त्यांना घालायचं. अनेक शेतकऱ्यांना या कामाच्या वेळी शिंका, घरघर, धाप लागे. १९७९ मध्ये डॉ. कथबर्ट आणि सहकाऱ्यांनी या ‘कोठाराच्या अ‍ॅलर्जी’चं मूळ साठवणुकीतल्या माइटमध्ये असल्याचं दाखवलं. बुरशीच्या गवतातून होणारा ‘फार्मर्स लंग’ हा आजार वेगळा. त्याला मुख्यतः उष्णतेत वाढणारे जिवाणू कारणीभूत असतात. दोन्हींची गल्लत झाली तर उपचार चुकतात. श्रीलंकेत खोबऱ्याची पोती हाताळणाऱ्या मजुरांच्या अंगाला सुटणारी खाजही अशाच एका माइटमुळे असल्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं होतं.

स्वयंपाकघरही यातून सुटलेलं नाही. माइट झालेल्या पिठाचे पदार्थ खाल्ल्यावर अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला तीव्र, क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी उष्ण, दमट प्रदेशांतून झाल्या आहेत. शिजवल्याने माइट मरतात, पण त्यांची अ‍ॅलर्जी आणणारी काही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून पावसाळ्यात फोडलेलं बेसन, रवा किंवा तयार पिठाचं पाकीट घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावं.

गोठ्यात मात्र फवारणीवर भिस्त ठेवणं मला चुकीचं वाटतं. एक तर हे जनावराचं खाणं. शिवाय काही जातींची पिल्लं मध्येच अशी अवस्था धारण करतात की तिला खाण्याजोगं तोंडच नसतं. दुष्काळ आणि औषध दोन्ही ती निभावून नेते. खरा इलाज कोरडेपणाचा. गहू-ज्वारीतला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणून मगच कणगी भरावी. उन्हाळ्यात धान्याला ऊन दाखवायची आपली जुनी रीत इथे नेमकी उपयोगी पडते. पोती जमिनीला आणि भिंतीला न चिकटवता फळ्यांवर रचावीत. पावसाळ्यात पेंड महिनाभर पुरेल एवढीच आणावी, आणि नवं पोतं जुन्या चुऱ्यावर ओतू नये. माइट झालेलं खाद्य जनावरं नीट खात नाहीत. ते उरलेल्या खाद्यात मिसळून संपवण्यापेक्षा टाकून दिलेलं बरं.

आणि कडबा सोडताना किंवा पेंड भरताना घरातल्या कुणाला दरवेळी धाप लागत असेल, तर नाका-तोंडाला मास्क लावून काम करा, आणि डॉक्टरांना खोकल्याबरोबर त्या पोत्याचंही सांगा.